भावानं गरीब केलेलं घर

माझे वडील अडाणी नव्हते. सौसरच्या तहसील ऑफिसात त्यांनी अख्खी नोकरी बाबू म्हणून काढली. आमचा मुलूख हिंदी राज्यातला, म्हणून ऑफिसात हिंदीत टिपणं लिहिली, नातेवाइकांना मराठीत पत्रं लिहिली, आणि रविवारी अंगणात खुर्ची टाकून पेपर मोठ्यानं वाचला, स्वयंपाकघरात आईलाही ऐकू जावा म्हणून. हे मी आधीच सांगून टाकते. कारण माझा धाकटा भाऊ अमेरिकेत स्टेजवर उभा राहून वेगळंच सांगतो, आणि त्याला ऐकणारे मला ऐकणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मला हे कळलं ते शाळेत. मी पांढुर्ण्याच्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. मधल्या सुट्टीत विज्ञानाचे सर मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, हे तुमचेच भाऊ ना?"

तोच होता. निळा कोट, गालाजवळ वळलेला बारीक माईक आणि मागच्या मोठ्या पडद्यावर एका कुडाच्या घराचं चित्र. तो इंग्रजीत सांगत होता की मी मध्य भारतातल्या एका खेड्यात अशा घरात जन्मलो. घरात दिवा नव्हता. वडिलांना सही करता येत नव्हती, ते दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. आई लोकांची भांडी घासायची. कितीतरी दिवस आम्ही भावंडं पाणी पिऊन झोपलो. आणि मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझे वडील गेले, कारण आमच्या घरात औषध नव्हतं." समोरच्या अंधारात कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

सरांचे डोळे भरून आले होते. "मॅडम, तुम्ही कधी बोलल्या नाही. एवढ्या हालातून आल्या तुम्ही?"

"सर, आमच्या घरी ट्यूबलाइट होती," मी म्हणाले.

ते हसले. त्यांना वाटलं, मी संकोचून असं बोलते आहे.

त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. सौसरला आमचं स्वतःचं पक्कं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, वर गच्ची. आम्ही श्रीमंत नव्हतो. दिवाळीला एकाच ताग्यातून भावाचा शर्ट आणि माझा फ्रॉक शिवला जायचा. पण उपाशी? माझ्या भावाला कारलं चालत नसे, दोडकं चालत नसे, मेथीची भाजी दिसली की तो पाटावरून उठायचा, आणि आई पुन्हा स्टोव्ह पेटवून त्याच्यापुरतं बेसन करायची. मी म्हणायची, "आई, तू याचे लाड करून राहिली." ती म्हणायची, "वाढत्या अंगाचा पोट्टा आहे, खाऊ दे." तो पाणी पिऊन झोपला असेल तर उन्हाळ्यात गच्चीवर, आणि तेही आंब्याचा रस जास्त झाला म्हणून.

वडिलांचं, म्हणजे आमच्या बाबूजींचं, अक्षर इतकं सुरेख होतं की सौसरमधली माणसं लग्नपत्रिकांवरची नावं त्यांच्याकडून घालून घ्यायची. लग्नसराईत आमच्या घरी पत्रिकांचे गठ्ठे असायचे. भावाला इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यांनी त्याला सायकल घेऊन दिली आणि गावातल्या एका रिटायर मास्तरांकडे शिकवणीला पाठवलं. पुढे तो नागपूरला इंजिनिअरिंगला गेला, तर बाबूजी बसस्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरजवळ चिवड्याचा आणि शंकरपाळ्यांचा डबा द्यायचे. हे काय दुःख आहे?

आणि औषध. बाबूजींच्या किडन्या गेल्या तेव्हा मी लग्न होऊन पांढुर्ण्यात राहत होते. आम्ही आई-बाबूजींना आमच्याकडे आणलं. माझे यजमान संत्र्यांचा व्यापार करतात. ऐन हंगाम सोडून ते बाबूजींना नागपूरला डायलिसिसला न्यायचे, कधी मी न्यायची. महिनोन् महिने. औषध होतं, डॉक्टर होते, रक्त द्यायला माझ्या शाळेतले लोक आले होते. भाऊ नव्हता. "त्याले तिकडं कामं असतीन, त्याले बोलावू नका," असं बाबूजी स्वतःच म्हणायचे, म्हणून आम्हीही त्याच्यावर कधी रागावलो नाही. तो तेरवीच्या आदल्या दिवशी पोचला. तेव्हाही त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. आईनं फक्त विचारलं, "जेवून आला का?"

म्हणून त्या व्हिडिओतलं दुसरं सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. ते औषधाचं वाक्य नाही.

रविवारी त्याचा फोन आला. इतकी वर्षं तिकडे राहूनही माझ्याशी तो आपलंच बोलतो.

"तूनं व्हिडिओ पायला म्हणे, ताई?"

"पायला. बाबूजींले अडाणी करून टाकलं तूनं."

"अगं, तू समजून घे. इथं सगळेच हुशार आहेत, सगळेच शिकलेले. तहसीलमधल्या बाबूच्या पोराचं कोण ऐकून घेते? पहिल्यांदा मी खरंच सांगतलं होतं. लोक मोबाइल पाहून राहिले होते. मंग एकदा सहज बोलून गेलो का घरी लाइट नव्हती. लाइट जायचीच ना आपल्याकडं? तर सगळे सावरून बसले."

"लाइट जायची अन् लाइट नव्हती, हे एकच आहे काय?"

"कोणाचं काय बिघडलं पण? बाबूजी तर नाहीत आता."

"मी आहो ना," मी म्हणाले. "आई आहे."

मग आवाज बदलून त्यानं खरी बातमी सांगितली. तिकडची त्याची एक संस्था होती, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी. त्या संस्थेला मोठी मदत करणारं एक म्हातारं जोडपं डिसेंबरात त्याच्यासोबत भारतात येणार होतं. त्यांना त्याचं जन्मघर पाहायचं होतं. आणि माझ्याच शाळेला ते बाबूजींच्या नावानं कॉम्प्युटरची खोली बांधून देणार होते. प्राचार्यांशी त्याचं बोलणंही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे माझ्याशी गोड बोलत होते. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि दारावर लावायच्या पाटीचा मजकूर दाखवला. शुद्धलेखन पाहून द्या म्हणाले. बाबूजींच्या नावाखाली लिहिलं होतं, 'एक निरक्षर शेतमजूर, ज्यांनी स्वप्न पाहिलं.' ज्या माणसानं अर्ध्या सौसरच्या पत्रिका लिहिल्या, त्याच्या नावाखाली.

"शुद्धलेखन बरोबर आहे, सर," मी म्हणाले. "मजकूर खोटा आहे. हा लागणार नाही."

"मॅडम, मुलांचा विचार करा. एका शब्दासाठी काय अडून बसता?"

मी अडूनच बसले.

डिसेंबरात तो आला. पाहुणे नागपूरच्या हॉटेलात थांबले होते, तो एकटाच आधी घरी आला. आईनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, वाळला म्हणाली, आणि बेसन घोटायला आत गेली. आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, एक काम आहे. तिगावजवळ एक घर पाहून ठेवलं आहे, माझ्या शाळेतल्या दोस्तानं. संत्र्याच्या बगिच्यातलं. राखणदार राहतो तिथं. उद्या पाव्हण्यांले ते दाखवून देतो. तू सोबत चाल. तूही म्हण का आपण इथंच राहत होतो. एका दिवसाचा सवाल आहे."

"नाही."

"ताई..."

"मी येणार नाही अन् म्हणणारही नाही. तुले जायचं तर जाय."

"कोणतं घर?" मागून आई म्हणाली. ती हातात पळी घेऊन दारात उभी होती. "कोणाचं घर दाखवून राहिला तू?"

व्हिडिओची गोष्ट मी आईपर्यंत पोचू दिली नव्हती. ऐंशीच्या घरातल्या बाईला कशाला, असं वाटलं होतं. आता इलाज नव्हता. आईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. "मले दाखवा ते."

मी लावलं. तो इंग्रजीत बोलत होता आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होते. भाऊ शेजारीच बसला होता. मध्ये एकदा त्यानं "आई, ते तिकडच्या लोकांसाठी असते" असं सुरू केलं, तर आईनं त्याच्याकडे न पाहताच हात वर केला. शेवटचं औषधाचं वाक्यही मी सांगितलं.

आईनं मोबाइल उलटा करून खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "मी लोकांचे भांडे घासत होती म्हणते हा?"

"हो."

"घासले असते. त्यात लाज नाही. पण घासले नाही ना बाप्पा मी." मग ती भावाकडे वळली. "अन् तुह्या बापाले दवाई नव्हती? सकाळ-संध्याकाळ या हातानं गोळ्या देल्या मी त्याईले. तुही बहीण शाळेतून यायची का दवाखान्यात जायची. तुले कसं माहीत राहीन? तू तर नव्हता."

तिनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणूनच असेल, तो मान वर करेना.

"पाव्हण्यांले उद्या इथंच जेवायले आण," ती उठत म्हणाली. "रोडगे करू."

"आई, त्यांचं जेवण हॉटेलात..."

"घरी आण."

सकाळी तो पाहुण्यांना घेऊन तिगावकडे गेलाच. तिथे काय झालं ते मला त्या घरातल्या बाईनं नंतर पांढुर्ण्याच्या बाजारात भेटल्यावर सांगितलं. पाहुणे यायच्या आधी भावाच्या दोस्तानं तिला दारातली मोटरसायकल मागे न्यायला लावली, फ्रिजवर चादर टाकायला लावली आणि छपरावरची टीव्हीची छत्री काढून ठेवायला सांगितली. मोटरसायकल तिनं नेली, चादरही टाकली. छत्री मात्र काढली नाही. "मी म्हटलं, ते निघत नाही, भाऊ. माह्या सासऱ्याची मालिका असते," ती म्हणाली. मग तिनं मला विचारलं, "ताई, आमचं घर तुमच्या भावाचं म्हणून काऊन दाखवलं? तुम्ही लोक तर सौसरचे ना? आमच्या घरात आम्ही राहतो, ते सांगायले काय झालं होतं?"

 

दुपारी गाडी आमच्या दारात आली. म्हातारा-म्हातारी खरंच चांगली माणसं होती. बाईंनी दारात चपला काढल्या, आईला वाकून नमस्कार केला. अंगणात गोवऱ्यांची रास निखारा होऊन बसली होती. रोडगे त्यातून काढून, राख झटकून, तुपात बुडवून माझे यजमान वाढत होते. वांग्याची भाजी होती, वरण होतं, आमच्याच ओळखीच्या बगिच्यातली संत्री होती. म्हातारा रोडगा कसा फोडायचा ते आईकडून शिकला आणि बोटं भाजली म्हणून हसला. मला वाटलं, हे असंच पार पडलं तर किती बरं.

मग बाईंनी आईचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या की त्यांना एक विचारायचं आहे. "घरात काही नसायचं तेव्हा तुम्ही मुलांना काय सांगायचात?"

भाऊ पटकन मला मराठीत म्हणाला, "ताई, सांभाळून."

मी प्रश्न जसाच्या तसा आईला सांगितला. आई आधी समजलीच नाही. मग म्हणाली, "घरात नसायचं म्हणजे? याले घरात असलेलं आवडायचं नाही, हीच पंचाईत होती. कारलं नको, दोडकं नको. पाय, आताही वांग्याच्या फोडी बाजूले काढून राहिला." आणि खरंच, भावाच्या ताटात कडेला फोडी होत्या. "त्याईले सांग, याचे बाबूजी सरकारी नोकरीत होते. आमच्या घरी कोणी उपाशी झोपलं नाही."

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "किती स्वाभिमानी आहे तुमची आई. कोणतीच आई आपल्या पोरांची उपासमार कबूल करत नाही." बाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे ओले झाले होते.

मी भावाकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल, असं वाटलं. त्यानं नजर खाली घातली आणि गप्प राहिला. ते गप्प राहणंही त्याच्या गोष्टीतच जाऊन बसलं.

मग मी बोलले. आईसाठी भाषांतर करत नव्हते, माझंच बोलत होते, त्यांच्या भाषेत. "माझी आई स्वाभिमानी आहे, पण आत्ता ती फक्त खरं सांगते आहे. सकाळी तुम्ही पाहिलं ते घर आमचं नाही. तिथे दुसरं कुटुंब राहतं, त्यांचं ते घर आहे. माझे वडील मी पाहिलेल्या कितीतरी लोकांपेक्षा जास्त वाचणारे होते. त्यांच्यावर शेवटपर्यंत उपचार झाले. मी तिथे होते. माझा भाऊ नव्हता, आणि त्याला कोणी दोषही दिला नाही. पण घरात औषध नव्हतं असं तो म्हणतो, तेव्हा तो आम्हाला दोष देतो."

"ताई, बस झालं," भाऊ म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "हे खरं आहे?"

"ते जरा गुंतागुंतीचं आहे," तो म्हणाला.

"काही गुंतागुंतीचं नाही," मी म्हणाले.

आईला इंग्रजी येत नाही, पण तिला काय समजायचं ते समजलं होतं. "सांगतलं काय तूनं?" तिनं मला विचारलं.

"सांगतलं."

"मंग वाढ आता. त्या बाईचं ताट रिकामं आहे."

पाहुण्यांनी जेवण पुरं केलं. जाताना बाईंनी आईचे हात पुन्हा धरले, पण या वेळी डोळे पुसले नाहीत, सरळ तिच्याकडे पाहिलं. म्हातारा गाडीत पुढे बसला आणि भावाशी बोलला नाही. भाऊ फाटकाशी थांबला.

"माह्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी टाकलं तूनं."

"मेहनत तूनं केली, ते खरंच आहे," मी म्हणाले. "तेच सांगायचं होतं ना मंग. बाबूजींले कायले मारलं?"

तो गाडीत बसला.

कॉम्प्युटरची खोली आली नाही. प्राचार्य कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं की मॅडमला गरिबीची लाज वाटते, म्हणून भावाचं चांगलं झालेलं त्यांना पाहवलं नाही. खोली आली नाही याचं मला वाईट वाटतं. माझ्या वर्गात खरोखर डब्याशिवाय येणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी मी त्यानंतर कितीतरी ठिकाणी अर्ज घेऊन फिरले, अजून फिरते. पण त्याच मुलांची भूक माझ्या भावानं उसनी घेऊन स्टेजवर आपली म्हणून दाखवली, आणि त्या भुकेवर बाबूजींचं नाव लिहिलं. ती पाटी दारावर असती तर मला रोज तिच्याखालून वर्गात जावं लागलं असतं. मी गेले नसते. पुन्हा तीच वेळ आली तरी मी हेच करेन, आणि त्या वेळी रोडगे वाढण्याच्या आधीच करेन.

त्या म्हाताऱ्यांनी पुढे भावाच्या संस्थेचं काय केलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याची भाषणं चालूच आहेत. विज्ञानाचे सर अजून ती मला दाखवायला आणतात आणि मी पाहते. कुडाचं घर अजून पडद्यावर असतं. आईनं भांडी घासणं अजून चालू आहे. पण औषधाचं वाक्य गेलं. आता तो म्हणतो, "माझे वडील मी दूर असताना गेले." एवढं एकच वाक्य खरं आहे त्यात, आणि ते आणायला मला माझा भाऊ जवळजवळ गमवावा लागला. चालेल.

तो आईला दर रविवारी फोन करतो. मी उचलला तर "आईले दे" म्हणतो, मी देते. आई त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलते. तिनं त्याला माफ केलं की कधी मनात धरूनच ठेवलं नव्हतं, हे मी तिला विचारत नाही. माझं मी धरून ठेवलं आहे.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला, मला, आईला नाही. ती तिकडे कॉलेजात आहे. तिचं मराठी अडखळतं, पण जिद्दीनं बोलते. "आत्या," ती म्हणाली, "आजोबांना खरंच वाचता येत नव्हतं? बाबांना विचारलं तर ते विषय बदलतात."

मी पंखा वाढवला, दार लावलं आणि बसले. तिला पेपरचं सांगितलं, पत्रिकांचं सांगितलं. ते लुनावरून ऑफिसला जायचे, वळताना हात दाखवायचा म्हणून रिकाम्या रस्त्यावरही हात दाखवायचे, ते सांगितलं. चिडले की हिंदीत बोलायचे, ते सांगितलं. तिच्या बाबांच्या दहावीच्या निकालाला त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि माझ्या निकालाला नुसतं "छान" म्हणाले होते, तेही सांगितलं, कारण तेही खरं आहे. डायलिसिसच्या खोलीत ते शेजारच्या पेशंटला पेपर वाचून दाखवायचे, इथे ती रडली. आई मध्येच येऊन म्हणाली, कोणाचा फोन आहे, आणि मग तीही सांगत बसली. संध्याकाळ होऊन गेली.

पुढच्या रविवारी भावाचा फोन मीच उचलला.

"पोरीले काय सांगतलं तूनं?"

"तिनं विचारलं ते."

पलीकडे तो नुसता श्वास घेत राहिला. मी फोन ठेवला नाही. शेवटी तोच म्हणाला, "आईले दे." मी आईला हाक मारली.